रिकामा परत आलेला टोप

मी एक जुना तामचिनीचा टोप आहे. तामचिनी म्हणजे लोखंडी पत्र्यावर चढवलेला काचेसारखा मुलामा. माझा रंग दुधासारखा होता आणि काठावर हिरवी रेघ होती. आता रंग पिवळट पडला आहे, रेघ अर्धीच उरली आहे आणि एका कानाजवळचा टवका उडाला आहे. पण माझे झाकण अजून माझेच आहे. मित्रांनो, माझ्या वयाच्या किती टोपांना असे म्हणता येईल?

माझा जन्म साओ पावलोतल्या एका कारखान्यात झाला. आधी मला काळा लेप दिला आणि भट्टीत घातले, मग पांढरा लेप दिला आणि पुन्हा भट्टीत घातले. भट्टीचे मला फारसे आठवत नाही. आठवतो तो नंतरचा प्रवास. एका फेरीवाल्याच्या ट्रकमधून, गवतात गुंडाळलेला, मी मिनास प्रांताच्या डोंगरातल्या एका गावात आलो. लग्न तोंडावर आलेल्या एका मुलीने मला उचलले, बोटाच्या पेराने माझ्या बुडावर टिचकी मारली आणि कान लावून ऐकले.

"वाजतो चांगला," ती म्हणाली. "हाच द्या."

ती मुलगी म्हणजे दोना ओंदिना. आमच्याकडे घरच्या बाईला आदराने दोना म्हणतात. त्यांच्या घरी माझी खरी नोकरी सुरू झाली. दर रविवारी लाकडाच्या चुलीवर माझ्यात भेंडी घातलेली कोंबडी शिजायची आणि मी तसाच वाफाळत जेवणाच्या टेबलाच्या मधोमध जाऊन बसायचो. एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला काळा घेवडा, समोर कसाव्याच्या कंदाच्या परतलेल्या पिठाची वाटी. लोक आधी माझे झाकण उघडायचे, मग डोळे मिटून वास घ्यायचे. माझे कौतुक व्हायचे ते असे.

टेबलाच्या मधोमध बसणाऱ्याला सगळे दिसते. त्या टेबलावर अन्नाला बोट लावायचे नाही. कोंबडीची तंगडीसुद्धा सुरीकाट्यानेच सोडवायची. पाहुण्याला पहिले वाढायचे. जेवण झाल्याबरोबर उठून जायचे नाही, कॉफी व्हायला हवी, आणि पाहुणा उठलाच तर घरच्यांनी "इतक्यात कुठे?" म्हणायलाच हवे. तोंडात घास असताना बोलायचे नाही हाही नियम होता. दोना ओंदिनांचे भाऊ जुवेन्सिओमामा सोडून तो सगळ्यांना लागू होता.

पण सगळ्यात मोठे दोन नियम वेगळेच होते.

पहिला नियम 'नको'चा. पाहुण्याने पहिल्यांदा 'नको' म्हणायचे. ते खरे 'नको' नसते, तो नमस्कार असतो. घरच्या बाईने पुन्हा विचारायचे. पाहुण्याने पोटावर हात ठेवून पुन्हा 'नको' म्हणायचे. तिसऱ्यांदा विचारताना चमचा ताटाच्या वर आलेलाच असतो, आणि पाहुणा म्हणतो, "बरं, एवढा आग्रह करताय तर." पहिल्याच वेळी 'हो' म्हणणारा हावरट ठरायचा आणि एकदाच विचारून थांबणारी बाई कंजूष ठरायची.

दुसरा नियम माझ्याशी थेट संबंधित होता. शेजारच्या घरून भरून आलेले भांडे रिकामे परत पाठवायचे नाही. मी कोंबडी घेऊन गेलो की भेंड्या घेऊन यायचो. खीर घेऊन गेलो की अंडी घेऊन यायचो. गल्लीच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहायची. तिच्या घरात कधी काही नसायचे, तरी तिने परसातली लिंबे पानांसकट माझ्यात ठेवून मला परत पाठवले होते. रिकामे भांडे परत येणे म्हणजे तोंडावर दार लावणे, असे दोना ओंदिना मानायच्या. इतक्या वर्षांत तसे एकदाही घडले नव्हते.

वर्षे गेली. दोना ओंदिनांचे यजमान वारले. घरात त्या आणि त्यांची एकुलती एक मुलगी नाइर, एवढ्याच उरल्या; जुवेन्सिओमामा रविवारी सकाळीच येऊन बसायचे. नाइर गावातल्या दूधडेअरीत चीज तपासायची. एका वर्षी डेअरीत नवी यंत्रे आली आणि ती बसवायला दक्षिणेकडून एक तरुण आला. त्याचे नाव आन्सेल्मो. त्याचे आजोबा जर्मनीहून येऊन सांता कातारिनातल्या एका नदीखोऱ्यात स्थायिक झाले होते. नाइरने त्याला रविवारी जेवायला बोलावले.

"बारा वाजता ये," ती म्हणाली.

आता, बारा म्हणजे साडेबारा, आणि साडेबारा म्हणजे पाऊण, हे आमच्या गावात पाळण्यातल्या पोराला कळते. आन्सेल्मो चर्चच्या बाराव्या टोल्याला दारात हजर झाला. दोना ओंदिनांच्या केसांना कुरळे करायच्या नळ्या लावलेल्या, पायात बागेतल्या चपला. त्या मागच्या मागे खोलीत पळाल्या.

"कुठे आग लागलीये का?" त्या आतून ओरडल्या. "हा मुलगा आत्ता कसा आला?"

"बाराला बोलावलं होतं ना," आन्सेल्मो दारातच लाल होत म्हणाला.

"अरे बाबा, बोलावलं म्हणून काय लगेच यायचं?" जुवेन्सिओमामा म्हणाले आणि त्याला खुर्चीत बसवले.

पुढे जे झाले ते मी अगदी जवळून पाहिले. आन्सेल्मोच्या घरची शिकवण अशी, की ताटात काही टाकायचे नाही. आमच्या घरची समजूत अशी, की ताट स्वच्छ झाले म्हणजे पाहुणा अर्धपोटी आहे. त्याने ताट पुसून खाल्ले. दोना ओंदिनांनी वाढले. तो "नको, पोट भरलं" म्हणाला. त्याचे ते 'नको' खरे होते, पण तिथे ते कुणाला कसे कळणार? त्यांनी पुन्हा वाढले. वाढलेले टाकता येईना म्हणून त्याने तेही संपवले. ताट पुन्हा स्वच्छ, चमचा पुन्हा माझ्यात. शेवटी माझे बूड दिसू लागले तेव्हा तो बिचारा टेबलाखाली हळूच पट्टा सैल करत होता.

"जेवतो बाई पोरगा!" तो गेल्यावर दोना ओंदिना कौतुकाने म्हणाल्या. "यंत्रवाला असला तरी माणूस चांगला आहे."

"माणूस चांगला आहे, पण मरेल," मामा म्हणाले. "कुंपणाला धरून उभा आहे बघ."

अशा रीतीने लग्न जवळजवळ ठरले. डेअरीतले काम संपले की आन्सेल्मो आपल्या गावी परतणार होता आणि नाइर त्याच्याबरोबर जाणार होती. त्याआधी मायलेकींनी त्याच्या आईला भेटून यायचे असे ठरले. दोना ओंदिनांनी चार दिवस खपून पेरूचा घट्ट गोड पाक केला, माझ्यात गच्च भरला, झाकण फडक्याने बांधले आणि मला मांडीवर घेऊन बसमध्ये बसल्या. दोन दिवसांचा प्रवास होता. तेवढ्या वेळात त्यांनी मला सामानाच्या फळीवर एकदाही ठेवले नाही.

आन्सेल्मोची आई, दोना एर्ना, उंच, ताठ आणि कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी दोघींना छान सजवलेल्या टेबलाशी बसवले. भाजलेले डुकराचे मांस, बटाटे, लाल कोबी. दोना ओंदिनांनी रीतीप्रमाणे चमचाभर घेतले आणि ताटात एक बटाटा शिल्लक ठेवला.

"आणखी घेणार?" दोना एर्नांनी विचारले.

"नको, नको. भरलं पोट."

"बरं," दोना एर्ना म्हणाल्या आणि मांसाची थाळी उचलून आत घेऊन गेल्या.

मी बाजूच्या कपाटावर होतो. दोना ओंदिनांची नजर त्या थाळीबरोबर दारापर्यंत गेली आणि दार मिटल्यावरही बराच वेळ तिथेच राहिली. संध्याकाळी तेच झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी केकच्या बाबतीत तेच झाले.

निघायच्या वेळी दोना एर्नांनी मला आणून त्यांच्या हातात दिले. मित्रांनो, मी इतका चकचकीत जन्मल्यानंतर कधीच नव्हतो. चुलीमुळे बुडाला चढलेली कित्येक वर्षांची काजळी दोना एर्नांनी आदल्या दिवशी एक अख्खी दुपार बसून, राख आणि बारीक वाळूने घासून काढली होती. झाकण नव्या फडक्याने बांधून वर सुंदर गाठ मारली होती. मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

बस सुटल्यावर दोना ओंदिनांनी गाठ सोडली आणि झाकण उचलले. आत काही नव्हते. त्यांनी झाकण ठेवले, थोड्या वेळाने पुन्हा उचलले. आत हात फिरवून पाहिला. मग खिडकीबाहेर बघत राहिल्या.

घरी पोचल्यावर त्यांनी मला कपाटाच्या वर, जुन्या टोपल्यांच्या मागे ठेवले आणि नाइरला सांगितले, "त्या घरात तू जायचं नाहीस."

"आई, रिकाम्या टोपावरून लग्न मोडतात का?"

"टोपावरून नाही. टोपात काही नव्हतं त्यावरून."

"अगं, त्यांची पद्धत वेगळी असेल."

"असू दे ना! पद्धत वेगळी, भूक एकच." दोना ओंदिना खुर्चीत बसल्या. आवाज खाली आला. "तू माझी मुलगी आहेस, नाइर. तूही 'नको'च म्हणशील. आणि ती बाई 'बरं' म्हणून थाळी उचलेल. रोज. दोन दिवसांच्या वाटेवर, आणि तुला पुन्हा विचारायला तिथे कुणी नसेल."

नाइरने बाहेर जाऊन कोंबड्यांना दाणे टाकले, जे तिने सकाळीच टाकले होते.

कपाटाच्या वरचे दिवस मी तुम्हाला फार सांगणार नाही. माझ्यावर धूळ बसली. एका कोळ्याने माझ्या कानापासून टोपलीपर्यंत जाळे विणले. खाली रविवारी कोंबडी शिजत होती, पण ती दुसऱ्या, ॲल्युमिनियमच्या भांड्यात. वापरून झिजण्याचे मला कधी वाईट वाटले नाही, पण न वापरता तसेच राहणे मला सोसले नाही.

एका रविवारी आन्सेल्मो जेवायला आला. दोना ओंदिनांनी त्याला ताट वाढूनच आणले. एकदा विचारले, "आणखी?" तो "नको" म्हणाला, आणि त्यांनी मान डोलावली. बस्स. आन्सेल्मोचा चेहरा उजळला. जेवण झाल्यावर तो मामांना म्हणाला, "मामा, आज पहिल्यांदाच मला घरच्यासारखं वाटलं."

"घरच्यासारखं?" मामांनी कॉफीचा कप खाली ठेवला. "अरे गाढवा, तुला हाकललंय! एकदाच विचारलं म्हणजे काय, कळतं का काही? तुझ्या आईनं आमच्या बहिणीला दोन दिवस उपाशी ठेवलं आणि वर टोप रिकामा पाठवला. उद्या तुला कॉफी विचारली नाही तर सरळ बसचं तिकीट काढ."

दुसऱ्या दिवशी आन्सेल्मोने टपाल कचेरीतून आईला फोन केला. काही आठवड्यांनी निरोप आला की दोना एर्ना स्वतः येत आहेत.

त्या दिवशी दोना ओंदिनांनी मला कपाटावरून उतरवले. आल्यागेल्याला जेवू घालायचे तर रीतीने, असे त्या म्हणाल्या. रागाचे नंतर बघू. माझ्यात पुन्हा भेंडी घातलेली कोंबडी शिजली. नाइर चुलीपाशी आईला पढवत होती.

"त्या बाराला म्हणजे बाराला येतात. तयार राहा. आणि हे बघ, त्यांनी 'नको' म्हटलं की नको. पुन्हा विचारलंस तर त्यांना वाटतं, आपल्याला खोटं पाडलं. माझ्यासाठी एवढं कर."

"एकदाच विचारू?" दोना ओंदिनांनी छातीवर क्रूसाची खूण केली. "शेजाऱ्यांनी पाहिलं तर?"

पण त्यांनी ते मानले. बारा वाजायच्या आधीच केस विंचरून, चांगला झगा घालून त्या दारात उभ्या राहिल्या. बारा वाजले. सव्वाबारा झाले. कोंबडी आटू लागली. पाहुणी येईना.

नंतर कळले, पाहुणी चौकातल्या बाकावर, भर उन्हात, टोपी घालून ताठ बसली होती. आन्सेल्मोने तिलाही पढवले होते: इथे बोलावल्या वेळेला गेलं तर घाबरतात, उशिरा जा. दोना एर्नांना आयुष्यात कुठे उशिरा जायची सवय नव्हती, म्हणून त्या चर्चच्या घड्याळाकडे बघत उशीर व्हायची वाट पाहत होत्या. पाऊण वाजता त्या आल्या तेव्हा घामाने भिजल्या होत्या.

सगळे टेबलाशी बसले. दोना एर्नांनी चमचाभरच घेतले. खाल्ले. आणि एक भेंडी ताटात तशीच सोडून दिली. त्या भेंडीकडे त्या सारख्या बघत होत्या. टाकणे त्यांना किती जड जात होते ते मला मधोमध बसून स्वच्छ दिसत होते.

"आणखी घेणार?" दोना ओंदिनांनी विचारले.

"नको," दोना एर्ना म्हणाल्या. "भरलं पोट."

दोना ओंदिनांनी नाइरकडे पाहिले. नाइरने डोळ्यांनीच 'नाही' म्हटले. दोना ओंदिनांनी माझे दोन्ही कान धरले, सोडले आणि पुन्हा धरले. पाहुणा बसलेला असताना भरलेला टोप उचलणे हे त्यांनी जन्मात केले नव्हते. त्यांनी मला उचलले आणि स्वयंपाकघरात नेले. पण चुलीवर ठेवले नाही. तसेच हातात धरून उभ्या राहिल्या.

"देवा," त्या पुटपुटल्या, "दोन दिवस बसमध्ये बसून आलेली बाई. उपाशी आहे ती. मला दिसतंय."

तेवढ्यात बाहेर टेबलावरून एक खणखणीत आवाज आला.

"दोना ओंदिना! अजून दोनदा विचारायचं राहिलंय तुमचं!"

जुवेन्सिओमामांना ठसका लागला. आन्सेल्मो त्यांच्या पाठीत थापट्या मारू लागला. दोना ओंदिना मला घेऊन दारात आल्या.

"तुम्हाला हवंय?"

"अहो, मला भूक लागलीये! माझ्या मुलानं सांगितलं, दोनदा नको म्हण, तिसऱ्यांदा मिळतं. मी एकदा म्हटलं आणि तुम्ही टोपच घेऊन पळालात!"

"माझ्या मुलीनं सांगितलं, एकदा नको म्हटलं की संपलं!"

"मग माझ्या घरी तुम्ही 'नको' म्हणालात तेव्हा..."

"तेव्हा मी भुकेनं मरत होते, बाई! बसस्टँडवर उतरून तीन वडे खाल्ले मी!"

दोना एर्नांनी तोंडावर रुमाल धरला. आधी वाटले की त्या रडताहेत. त्या हसत होत्या, आणि ताठ माणसे हसतात तशा, आवाज न करता, खांदे हलवत. दोना ओंदिनांनी मला टेबलावर ठेवले आणि उरलेले दोन आग्रह रीतसर पूर्ण केले. पहिल्या आग्रहाला दोना एर्नांनी नकाराची मान हलवली आणि दुसऱ्याला म्हणाल्या, "बरं, एवढा आग्रह करताय तर." मग त्यांनी तीनदा वाढून घेतले आणि ती सोडलेली भेंडीही खाऊन टाकली.

पण दोना ओंदिनांच्या मनातला काटा अजून निघाला नव्हता. कॉफी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "जेवणाचं कळलं मला. पण टोप रिकामा का पाठवलात? तेवढं सांगा. खरं सांगा."

दोना एर्नांनी थोडा विचार केला. त्या शब्द मोजूनच बोलायच्या.

"माझी आई म्हणायची, कुणी प्रेमानं काही दिलं तर लगेच फेडायचं नाही. फेडलं की दोन्ही घरं मोकळी झाली. मग येण्याजाण्याचं कारण काय उरलं? तुम्ही चार दिवस खपून पाक केलात. मी त्यात घाईघाईनं बिस्किटं भरून दिली असती तर तो विषय तिथंच मिटला असता. मला तो मिटवायचा नव्हता. म्हणून टोप घासला. जेवढा घासता येईल तेवढा घासला. हात दुखेपर्यंत."

दोना ओंदिनांनी मला जवळ ओढले. कडेला करून माझे बूड पाहिले. आजच्या चुलीने ते पुन्हा काळे झाले होते, पण काजळीच्या खाली अजून चकाकी होती. त्यांनी पेराने टिचकी मारली.

आन्सेल्मोने कप हातात धरला होता, पण पीत नव्हता.

दोना ओंदिना उठल्या. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी मला धुतले, पुसले आणि फडताळातला पेरूचा पाक काठोकाठ भरला. मग बाहेर येऊन मला दोना एर्नांच्या मांडीवर ठेवले.

"हा घ्या," त्या म्हणाल्या. "आणि परत आणाल तेव्हा रिकामाच आणा, विहीणबाई."

नाइर उठून आईच्या गळ्यात पडली. मामा काहीतरी चेष्टा करायला गेले, पण त्यांना जमले नाही; त्यांनी नाक शिंकरले आणि कॉफी मागितली.

मित्रांनो, त्यानंतर मी त्या दोन घरांच्या मध्ये किती फेऱ्या केल्या हे मला आता सांगता येणार नाही. उत्तरेकडून भरलेला जायचो, दक्षिणेकडून रिकामा आणि चकचकीत यायचो. दोन्ही विहिणी आता नाहीत. माझ्या बुडाला बारीक भोक पडले आहे, म्हणून मला चुलीवर चढवत नाहीत. नाइरच्या स्वयंपाकघरात खिडकीखाली मी कांदे सांभाळतो. ती कधीकधी माझी धूळ पुसते आणि पुसता पुसता थोडी रेंगाळते.

तुमच्याही घरात माझ्यासारखे एखादे भांडे असेल. त्याला गरम असताना थंड पाण्यात बुडवू नका, लोखंडी डावाने ठोकू नका, आणि टवका उडाला म्हणून लगेच भंगारात देऊ नका. कुणाकडून भांडे परत आले आणि तुम्हाला खटकले, तर ते कपाटावर ठेवण्याआधी त्या माणसाला कारण विचारा. मला कित्येक आठवडे कोळ्याच्या सोबतीने राहावे लागले, तुमच्या भांड्याला तसे राहायला लावू नका. आणि जेवायला बसलेल्या माणसाला एकदा जास्तच विचारा. फार तर तो नको म्हणेल.